४५ अक्षरांचा खोटा रोग, क्वार्ट्झच्या ओट्याचा खरा रोग आणि एक रबरी मास्क

परीक्षणाचा माल: थ्रीएमच्या ६००० मालिकेतला रबरी अर्धा मास्क, मधल्या मापाचा म्हणजे ६२००, आणि त्याला लागणारी २०९१ क्रमांकाची गुलाबी फिल्टरची जोडी. कोणासाठी: ओटे बसवणारे, सिंकचं कटिंग करणारे, कडेला मोल्डिंग मारणारे, ग्रॅनाइट घासणारे आणि अशा कारागिरांना मास्क आणून देणं ज्यांचं काम आहे ते मुकादम व दुकानदार.

निकाल आधीच सांगून टाकतो. घ्यावा. टाकाऊ, म्हणजे वापरून फेकायच्या, मास्कच्या खोक्यांपेक्षा हा बरा. पण क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला ओट्याचा दगड, पाण्याशिवाय कोरडा कापणार असाल तर हा पुरत नाही, आणि दाढी ठेवणार असाल तर यावर पैसे घालू नका.

आता रोगाचं. शाळेत सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द पाठ केलेले पुष्कळ जण असतील: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजी अक्षरं ४५. अर्थ सांगताना ‘ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन होणारा खाणकामगारांचा रोग’ असं सांगतात. हा रोग कुठल्या डॉक्टरला सापडलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी, वैद्यकातले शब्द उगाच लांब होत चाललेत म्हणून, गंमतीने हा शब्द जुळवला. गंमत शब्दकोशात जाऊन बसली. मधली सजावट काढून टाकली की खाली उरतो सिलिकोसिस, सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा खरा रोग, आणि त्याचं नाव मात्र पाच अक्षरांत संपतं.

त्या गंमतीत ज्वालामुखीवर आळ आला तो आपल्याकडे जवळपास उलटा लागू होतो. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे जात्याचा, पाट्या-वरवंट्याचा, लेण्यांचा बेसाल्ट, हा अस्सल ज्वालामुखीचा. त्यात मुक्त क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचे सुटे स्फटिक, फारच थोडा. (म्हणून खडी केंद्राची धूळ खुशाल खावी असं नाही, धूळ कुठलीही छाती भरतेच.) संगमरवरात साधारण २ टक्के. ग्रॅनाइटमध्ये साधारण ३० टक्के, खाणीगणिक कमीजास्त. आणि ज्याला दुकानात नुसतं ‘क्वार्ट्झ’ म्हणतात तो कारखान्यात बनवलेला दगड: क्वार्ट्झचा चुरा राळेत मळून दाबलेला, त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वर. गिऱ्हाइकाला तो आवडतो कारण हळदीचा डाग धरत नाही, रंग एकसारखा येतो. कापणाऱ्याच्या छातीच्या दृष्टीने तो ओट्यावर आलेला सर्वांत वाईट दगड आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावरच बंदी घातली ती याच कारणाने.

सिलिकोसिस कसा होतो ते दोन वाक्यांत सांगतो, कारण मास्क कशासाठी तेही त्यातच आहे. साधारण ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण नाकात-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी कण गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात, कण पुन्हा मोकळा होतो, पुढची पेशी तोच कण गिळते. प्रत्येक फेरीला थोडा व्रण, आणि व्रण पडलेला भाग हवा घेत नाही. बरं करणारं औषध नाही. कमी धुळीत दहाएक वर्षांनी दिसतो, जास्त धुळीत पाच ते दहा वर्षांत, आणि फारच जास्त धुळीत त्याच्याही आत. शिवाय क्षयाचा धोका कितीतरी वाढतो. फोटोत डाग दिसले, खोकला आहे, वजन उतरलंय म्हणून नुसत्या क्षयाच्या गोळ्या चालू होतात आणि माणूस परत कटर धरायला येतो. डॉक्टरने विचारो न विचारो, ‘मी दगड कापतो, इतकी वर्षं कापतो, क्वार्ट्झही कापतो’ हे आपणहून सांगायचं.

मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणारे, खंबातचा अकीक घासणारे, यांच्यात हा रोग जुना. ओटेवाल्यांच्यात तो दगडाच्या फॅशनबरोबर आला.

मास्क हातात घेतल्यावर

तोंडावरचा भाग मऊ, राखाडी, रबरासारखा. खरं तर थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर. सिलिकॉनच्या मानाने कडक, आणि उन्हात गाडीच्या डिकीत महिनोन्महिने पडला तर आणखी कडक होतो. गालाच्या दोन बाजूंना दोन खाचा, त्यात फिल्टर टेकवून पाव वळसा दिला की बसतात. समोर, हनुवटीच्या वर, श्वास बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह. आतल्या बाजूला दोन्ही खाचांवर एकेक पातळ पाकळी, ती श्वास आत घेण्याची. डोक्यावर बसणारी प्लास्टिकची जाळी आणि मानेमागे अडकवायचा हूक. एवढंच यंत्र. बिघडू शकतात अशा जागा मोजून चार: दोन आतल्या पाकळ्या, एक बाहेरची पाकळी, आणि पट्टे.

मापं तीन: ६१०० लहान, ६२०० मधलं, ६३०० मोठं. दुकानात बहुतेक वेळा ६२००च ठेवलेला असतो आणि सगळ्यांना तोच दिला जातो. बारीक चणीच्या माणसाला, बहुतेक बायकांना तो नाकाच्या पुलावर बसतो पण हनुवटीखाली सैल राहतो. पट्टा आवळून हे सुटत नाही. आवळल्यावर कड दुमडते आणि फट मोठी होते. सांगून ६१०० मागवा.

२०९१ या फिल्टरवर पी-१०० असं लिहिलेलं असतं. अर्थ: चाचणीत ९९.९७ टक्के कण अडवले. एन-९५ म्हणजे ९५ टक्के, आपल्या आयएस ९४७३ या भारतीय मानकातला एफएफपी-२ म्हणजे ९४, एफएफपी-३ म्हणजे ९९. हे आकडे जाहिरातीत मोठे दिसतात. चेहऱ्यावर त्यांचा फरक छोटा, कारण धूळ फिल्टरमधून येत नाही, कडेने येते. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या कोष्टकात म्हणूनच नीट बसवून तपासलेला टाकाऊ एन-९५ आणि नीट बसवून तपासलेला रबरी अर्धा मास्क या दोघांनाही सारखाच आकडा आहे: १०. म्हणजे बाहेरच्या हवेत जितकी धूळ, त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत आत येऊ शकते असं धरून चालायचं.

मग रबरीच का घ्यायचा? कारण टाकाऊ मास्क कामावर ‘नीट बसलेला’ राहत नाही. तासाभरात घामाने ओला होतो, नाकावरची पट्टी सुटते, कारागीर बोटाने तो खाली ओढतो, परत वर करतो. कानात अडकवायचा असेल तर बोलायलाच नको. कानाच्या दोऱ्यांना गाल-हनुवटीवर घट्ट दाब देता येत नाही. रबरी मास्क घाम पितो असं नाही, पण घामाने त्याचा आकार बदलत नाही, आणि बसला की नाही हे दर वेळी अर्ध्या मिनिटात तपासता येतं. दिवसाला दोन टाकाऊ मास्क धरले तर २५ दिवसांच्या महिन्यात ५० होतात. तेवढ्याची बेरीज करा आणि दुकानात या मास्कची व फिल्टरच्या दोन जोड्यांची किंमत विचारा. हिशेब कुठे झुकतो ते दुकानाच्या दारातच कळेल.

नाकावर बांधलेला गमछा या चर्चेत येतच नाही. त्याने मिशीवर पांढरा थर बसत नाही, बाकी काही होत नाही.

बसवणं आणि तपासणं

जाळी डोक्याच्या मध्यावर, केसांवर नाही तर कवटीवर दाबून बसेल अशी. खालचे पट्टे मानेमागे, कानांखालून. आधी वरच्या पट्ट्यांची टोकं दोन्ही हातांनी सारखी ओढायची, मग खालच्यांची. टोपी, हेल्मेट, फडकं काहीही असो, मास्कच्या पट्ट्यांच्या वरून. पट्टा टोपीवरून घेतला तर टोपी सरकली की मास्क सरकतो. चष्मा-गॉगल मास्कनंतर. गॉगलचा पूल नाकावर मास्कच्या कडेत घुसत असेल तर गॉगल बदला, मास्क वर-खाली करू नका.

मग दोन तपासण्या. पहिली: दोन्ही फिल्टरच्या मध्यावर जो खोलगट भाग असतो तिथे अंगठे दाबून हवा कोंडायची आणि हळू श्वास आत ओढायचा. मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे आणि तसाच राहिला पाहिजे. कुठे थंड हवेची रेघ लागली तर तिथे फट. दुसरी: समोरच्या व्हॉल्व्हवर तळहात ठेवून हळू फुंकायचं. मास्क किंचित फुगला पाहिजे. फुंकर डोळ्यांकडे गेली तर नाकाची बाजू सैल. दोन्ही तपासण्या दर वेळी मास्क घातला की. सकाळी एकदा करून दिवसभर चालत नाही, जेवणानंतरही करायची.

ही रोजची तपासणी. वर्षातून एकदा खरी चाचणी करावी. डोक्यावर टोपडं घालून आत सॅकरिनचं किंवा कडू औषधाचं फवारं मारतात आणि माणूस एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, वाकणं असं करतो. तोंडात गोड किंवा कडू लागलं तर मास्क नापास. आधी मास्कशिवाय त्या माणसाला ती चव कळते का हे पाहून घ्यायचं असतं, नाहीतर सगळेच पास होतात. तंबाखू नुकताच थुंकून आलेल्या माणसाची चाचणी तर मुळीच घेऊ नये.

दाढीचा मुद्दा टाळता येत नाही. एका दिवसाची खुंटंसुद्धा रबराच्या कडेखाली शेकडो छोट्या खुंट्यांसारखी उभी राहतात आणि कड टेकू देत नाहीत. मिशी चालते, कडेच्या आत राहिली तर. श्रद्धेने दाढी ठेवणाऱ्यासाठी रस्ता वेगळा आहे: पंख्याने स्वच्छ हवा सोडणारं, डोक्यावरून खाली येणारं सैल टोपडं. महाग आहे, बॅटरी लागते, पण ते चेहऱ्याला घट्ट बसण्यावर अवलंबून नाही. त्याचा आकडा २५.

खरा गळका भाग: मास्क काढलेली मिनिटं

इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. दहाचा मास्क, आठ तासांचं काम. पूर्ण आठ तास घातला तर आत दहावा हिस्सा, म्हणजे ०.१०. आता समजा दहा टक्के वेळ, म्हणजे ४८ मिनिटं, धुळीतच मास्क खाली होता: फोन आला, मोजमाप ओरडून सांगायचं होतं, तंबाखू मळायची होती. हिशेब असा: ०.१ वेळ पूर्ण धूळ, ०.९ वेळ दहावा हिस्सा, बेरीज ०.१ अधिक ०.०९, म्हणजे ०.१९. दहाचा मास्क पाचाचा झाला. चेहरा पूर्ण झाकणारा, पन्नासाचा आकडा असलेला महाग मास्क घेतला आणि त्यातही तीच ४८ मिनिटं उघडी ठेवली, तर तो ५० वरून साडेआठवर येतो. म्हणजे महाग मास्क उघडझाप करून वापरणाऱ्यापेक्षा स्वस्त मास्क न काढणारा बरा.

या मास्कमधून बोललेलं नीट ऐकू येत नाही, ही त्याची मोठी खोट आणि मास्क खाली ओढण्याचं पहिलं कारण तेच. मापं पाटीवर खडूने लिहा, हाताच्या खुणा ठरवा, नाहीतर बोलायचं असेल तेव्हा कटर बंद करून खोलीच्या बाहेर या. धूळ डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणजे बसली असं नाही. दिसते ती जाड धूळ, ती लवकर खाली येते. न दिसणारी तासन्‌तास हवेत राहते. कटर थांबवल्यावर लगेच मास्क काढून तिथेच चहा घेणं म्हणजे जी धूळ टाळायची होती नेमकी तीच घेणं.

उन्हाळ्यात आत घाम साचतो. वाकल्यावर तो व्हॉल्व्हमधून निघून जातो, पण हनुवटीवर चरचरतं. याच कंपनीच्या ७५०० मालिकेतला सिलिकॉनचा मास्क या बाबतीत चांगला: कड मऊ, श्वास खाली सोडणारा व्हॉल्व्ह, फिल्टर तेच चालतात. रोज सहा तासांवर मास्क घालणाऱ्याने जास्तीचे पैसे तिथे घालावेत असं आमचं मत. आठवड्यातून दोन दिवस घालणाऱ्याला ६२०० पुरे.

पाण्याशिवाय हा मास्क अपुरा

ओशाची आठ तासांची मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम सिलिका. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती सूत्राने दिली होती: श्वासात जाणाऱ्या धुळीसाठी १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), उत्तर मिलिग्रॅममध्ये. धूळ सगळीच क्वार्ट्झ धरली तर ०.१ मिलिग्रॅमच्या जरा खाली, म्हणजे अमेरिकी मर्यादेच्या दुपटीला.

समजा एका बंद फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कोरड्या कटरने हवा ५० मायक्रोग्रॅमच्या पन्नासपट झाली. दहाचा मास्क ती पाचपट करतो. मास्क उत्तम बसलेला, फिल्टर नवा, एकदाही न काढलेला, तरी मर्यादेच्या पाचपट. म्हणून धूळ आधी दगडापाशीच मारायची, मास्क उरलेल्यासाठी.

मार्बल कटरला पाण्याची नळी जोडायची सोय बहुतेक वेळा पेटीतच येते आणि पेटीतच राहते. तिच्याऐवजी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून हेल्पर वरून धार धरतो. धार रेषेवर पडते, पातं मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारत ती बाजूला फेकतं, आणि कापाच्या आत दगड कोरडाच राहतो. धूळ उडते का हे बघायचं असेल तर कापातून निघणारा माल बघा: दुधासारखा राडा वाहत असेल तर पाणी पोचतंय, पात्याच्या मागे पांढरी वाफ दिसत असेल तर ती वाफ नाही. शिवाय तो हेल्पर पात्यापासून हातभर अंतरावर, बहुधा मास्कशिवाय, वाकलेला असतो. त्याच्यासाठी दुसरा मास्क आधी घ्या.

पाणी आणि वीज एकत्र आल्यावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच मशीन चालवायचं. साधा ग्राइंडर ओल्या कामासाठी बनवलेला नसतो; त्याच्यावर पाणी मारू नका, पाण्याची सोय असलेलं मशीन वापरा. सिंकचं कटिंग आणि मोल्डिंग शक्य तेवढं वर्कशॉपमध्ये ओलं करून आणा, साइटवर फक्त बसवा. हे मुकादमाच्या हातात आहे, मास्क देऊन त्याची सुटका होत नाही.

राडा वाळला की तो परत धूळच. झाडूने कोरडा झाडायचा नाही. ओला असतानाच वायपरने ओढून पिशवीत. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून बाहेर सोडतो, त्याला हेपा फिल्टर हवा. कंप्रेसरची हवा मारून कपडे झटकणं ही या धंद्यातली सर्वांत वाईट सवय, कारण तोवर मास्क खिशात गेलेला असतो.

ओल्या कामात २०९१ ची एक अडचण होते. ही चकती उघडी असते, भोवती कवच नाही. शिंतोडे उडून ती भिजते, वर राड्याचा पापुद्रा धरते आणि श्वास ओढायला जड जातो. मग माणूस मास्क सैल करतो. त्याच जागी बसणारा ७०९३ हा फिल्टर कडक कवचात येतो, तोही पी-१००. पॉलिशवाल्याला आणि ओलं कटिंग करणाऱ्याला तो घ्या. क्वार्ट्झ कापताना राळेचा जळका वास येतो, त्याचा त्रास होत असेल तर कोळशाचा पातळ थर असलेला २०९७ आहे. तो वासापुरता, रसायनाच्या खऱ्या वाफांवरचा उपाय म्हणून तो धरू नये.

खरेदीत कुठे फसतात

ऑनलाइन ‘सेव्हन इन वन’ म्हणून जो संच दिसतो त्यात बहुधा ६२०० च्या आकाराचा मास्क, काळ्या डब्या, पांढऱ्या गोल गाद्या आणि प्लास्टिकची झाकणं असतात. मूळ संचात त्या काळ्या डब्या म्हणजे ६००१, त्या रंगाच्या-थिनरच्या वाफांसाठी. त्या एकट्या धूळ अडवत नाहीत. पांढरी गादी, ५एन११, ही धुळीची. ती ५०१ क्रमांकाच्या झाकणाने डबीवर दाबून बसवायची. गादी हरवली, झाकण तुटलं तरी डबी लावून काम चालू राहतं, कारण डबी ‘भारी’ दिसते. दगडाच्या कामाला हा संच नकोच. नुसता मास्क आणि गुलाबी चकत्या घ्या.

नकली माल भरपूर आहे. खऱ्या फिल्टरवर पी-१०० आणि मॉडेलचा क्रमांक छापलेला असतो, सोबतच्या कागदावर टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांक. मास्कच्या रबरावर मापाचा क्रमांक ओतीव असतो, चिकटवलेला नसतो. कड बोटांनी दुमडून सोडा. लगेच सरळ झाली पाहिजे. रबराला उग्र वास, कडेला साच्याची चरचरीत रेघ, एवढ्यावरही परत करा.

ठेवरेव

आठवड्याला एकदा, फार धुळीच्या कामात रोज, फिल्टर काढून मास्क धुवायचा. कोमट पाणी (४९ अंशांच्या वर नको), साधा साबण, जुना मऊ ब्रश. थिनर, अ‍ॅसिटोन नको. सावलीत वाळवायचा. फिल्टर धुवायचा नाही, आपटायचा नाही, कंप्रेसरने तर नाहीच. हवेच्या दाबाने तंतूंच्या जाळीत भोकं पडतात आणि फिल्टर ‘हलका’ लागायला लागतो, तो साफ झाला म्हणून नव्हे. श्वास जड झाला, चकती फाटली, आतल्या बाजूने काळी-पांढरी पडली की जोडी बदला. दोन्ही एकदम.

धुताना समोरच्या व्हॉल्व्हचं झाकण उचकटून आतली पाकळी जरूर बघा. पापडासारखी पातळ, नखाएवढी जाड नसलेली रबराची चकती मधल्या खुंटीवर बसवलेली असते. तिच्या खाली, जिथे ती कडेवर टेकते, तिथे राड्याची राखाडी रेघ वाळून बसते. कण वाळूच्या दाण्याएवढा असला तरी पाकळी तेवढ्या जागी उचललेली राहते, आणि प्रत्येक श्वास आत घेताना धूळ फिल्टर टाळून त्या फटीतून सरळ तोंडात येते. वरून काही कळत नाही. मास्क नवा दिसतो, फिल्टर गुलाबी दिसतो. ओल्या कापडाने कड पुसा, पाकळी उलटी-सुलटी वाकवून बघा. कड वळली असेल, चिरली असेल, कडक झाली असेल तर फेका.

सोळाव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींत अशी गोष्ट सांगत की अ‍ॅनाबर्गच्या एका खाणीत भुताने नुसत्या श्वासाने १२ हून जास्त कामगार मारले. त्याच भागातल्या कोबोल्ड नावाच्या खाणीतल्या भुतावरून कोबाल्ट या धातूला नाव पडलं. धुळीचं काही कळत नव्हतं तेव्हा रोगाचं भूत केलं, इतकंच. श्वासाचा भाग मात्र त्यांनी बरोबर ओळखला होता. आणि मास्कही नवा नाही: पहिल्या शतकातल्या रोममध्ये हिंगूळ दळणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधत, अशी नोंद थोरला प्लिनी या रोमन ग्रंथकाराने करून ठेवली आहे. त्या कातडीला व्हॉल्व्ह नव्हता, एवढाच फरक धरून चाला.

मास्क खुंटीवर, कटरच्या शेजारी टांगायचा नाही. आतल्या वाटीत धूळ बसते आणि सकाळी पहिल्याच श्वासाला जाते. झाकणाचा डबा किंवा झिपची पिशवी. फिल्टर खाली दाबला जाणार नाही असा. पट्ट्यावर मार्करने नाव; एक मास्क दोघांत नाही. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्याने डॉक्टरला विचारून मगच, कारण फिल्टरमधून श्वास ओढायला जोर लागतोच.

मास्क घेतानाच बाहेरच्या व्हॉल्व्हच्या दोन-तीन पाकळ्या आणि आतल्यांची एक जोडी सुटी मागवून ठेवा. गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मिळत नाहीत, सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडे सांगून आणाव्या लागतात, आणि त्या येईपर्यंत कोणी काम थांबवत नाही.